ताईंचा हिरवा ठिपका

पुस्तक संपलं की ताई ते मिटायच्या, मांडीवर ठेवायच्या आणि कव्हरच्या मधोमध अंगठा दाबून धरायच्या. एक, दोन, तीन. डोळे खिडकीबाहेर. मग अंगठा उचलायचा आणि सांगायचं, "लागला." नाहीतर, "नाही लागला बघ."

दिवा. दिवा लागला की नाही, एवढंच.

हे कळायला आधी आमची कंपनी कळायला हवी, म्हणून पटकन सांगते. चाकणला आम्ही गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवतो. पुढच्या लाईटपासून मागच्या इंडिकेटरपर्यंत जेवढ्या वायरी जातात, त्या सगळ्या एकत्र बांधायच्या आणि वरून काळी टेप गुंडाळायची. त्याला हार्नेस म्हणतात. तयार हार्नेस शेवटी एका मोठ्या बोर्डावर येतो. टोकं खाचांमध्ये बसवायची, बटणावर अंगठा दाबायचा. प्रत्येक वायरीतून करंट या टोकाचा त्या टोकाला गेला तर हिरवा दिवा लागतो. एक जरी वायर आतून तुटलेली असेल तर नाही लागत. बाहेरून कितीही छान दिसत असू दे. त्या बोर्डावर ताईंनी सोळा वर्षं काढली. आता सोळा वर्षं रोज तेच केल्यावर माणूस पुस्तकंही तशीच तपासणार ना?

ताई पन्नाशीच्या, लातूरकडच्या, राहायला काळेवाडीत. कंपनीची बस काळेवाडीहून निघते, पिंपरी-भोसरी करत सव्वासहाला मोशीला येते. मी मोशीला चढायचे. आमचं घर चऱ्होलीत, भाऊ गाडीवरून सोडायचा, आणि आई रोज दारातून तेच एक वाक्य ओरडायची, "डबा घेतला का गं?" मी मोशीला चढेपर्यंत बस भरलेली असायची. ताई डाव्या बाजूला तिसऱ्या ओळीत, खिडकीला. आणि त्यांच्या शेजारी रेश्मा. कायम रेश्मा. ती ताईंच्याच गल्लीतली, माझ्याच वयाची, लाईनवर टेप गुंडाळायची. बारावीनंतर तिनं एक पुस्तक हातात धरलं नव्हतं आणि ती ताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायची. मी दोन वर्षं त्या सीटकडे बघत मागे बसले. खरं सांगते, चाकणच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मी मोजायचे आणि म्हणायचे, या खड्ड्याला तरी हिची झोप मोडू दे.

मला राग येण्याचं कारण असं की बसमध्ये वाचणारी मी होते. मी! डिप्लोमा झालेली, क्वालिटीत ट्रेनी, इन्स्टावर पुस्तकांचं पेज, फोटोत शेजारी चहाचा कप वगैरे. आमच्या घरात वाचायचं म्हणजे लग्नपत्रिका, त्यातून मी एवढी वर आलेली. मला वाटलं होतं बसमधल्या बायका मला विचारतील, काय वाचू. पण त्या ताईंना विचारायच्या.

ड्रायव्हरच्या मागे एक निळा प्लास्टिकचा क्रेट बांधलेला होता, कंपनीत सुटे पार्ट ठेवतो तसला. त्यात ताईंची पुस्तकं. काळेवाडीतले रद्दीवाले भाई त्यांच्यासाठी मराठी पुस्तकं बाजूला काढून ठेवायचे. प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर खाली, काठापासून बोटभर अंतर सोडून, एक गोल ठिपका चिकटवलेला. कंपनीतलेच स्टिकर. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्ती लागेल, लाल म्हणजे रिजेक्ट. आणि ठिपक्यावर पेनानं बारीक बरोबरची खूण. बायका चढता चढता हिरवा बघून पुस्तक उचलायच्या. आमचे ड्रायव्हर चाचा मराठी वाचत नव्हते, पण रोज आरशातून विचारायचे, "ताई, आज कौन पास हुआ?"

आता ताईंचे निकाल ऐका म्हणजे तुम्हाला माझी जळजळ कळेल.

एकदा सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी. पंधरा दिवस वाचली. अंगठा दाबला. "नाही लागला. घोडे लय पळाले, पण माणूस एक भेटला नाही." लाल.

यशस्वी कसं व्हायचं ते सांगणारं एक पुस्तक, त्याला मी पेजवर पाच स्टार दिले होते. ताईंनी चाळीस पानांत मिटलं. "याच्यात नुसतं लेबल हाय. वायर घालायची राहिली."

कवितांचा एक संग्रह तीन वर्षं पिवळ्यातच होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कधी लागतो, कधी नाही. लूज कॉन्टॅक्ट हाय. फेकवत पण नाही."

आणि हिरवा कशाला? एका डोशांच्या पुस्तकाला. पाककृतींच्या! मी हसलेच. ताई म्हणाल्या, "हसू नको. या बाईनं पहिल्याच पानावर लिहिलंय, पहिला डोसा बिघडणारच, तो पोराला द्या. खरं बोलायली ती."

एका रहस्यकथेची शेवटची आठ पानंच नव्हती. तिलाही हिरवा. खुनी कोण ते कळलंच नाही तर पास कसं, असं मी विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की खुनी त्यांनी ठरवलाय, आणि लेखकानं दुसरा कुणी ठरवला असेल तर ते त्याचं चुकलं.

सगळी बस हसायची. मी पण हसायचे आणि आतून अशी जळायचे की विचारू नका. कारण मी ज्या गोष्टीवर दहा ओळींची पोस्ट लिहायचे, ती ही बाई एका वाक्यात उडवायची आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये फिरत असायचं. माझी पोस्ट माझ्या मावसबहिणीनं लाईक केलेली असायची.

एकदा मी धीर करून ताईंना माझं पेज दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ वर-खाली केलं. मला वाटलं काहीतरी छान म्हणतील.

"इंजिनेर मॅडम," त्या मला असंच म्हणायच्या, "सगळेच पास होत असतील तर तपासतीस कशाला?"

त्यांचं स्वतःचं सगळ्यात आवडतं पुस्तक क्रेटमध्ये नसायचं, पर्समध्ये असायचं. नव्वद पानांचं, कव्हर कधीच गेलेलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी लिहिलेल्या आठवणी. ठिपका एवढा जुना की हिरव्याचा पांढरा झालेला. ते त्यांनी अकरा वेळा वाचलं होतं आणि कुणाला देत नव्हत्या. मी दोनदा मागितलं. दोन्ही वेळा म्हणाल्या, "थांब, तुला अजून टाइम हाय." कसला टाइम? मी काय ट्रेनी वाचक आहे का?

मग मी ठरवलं, आपलं ब्रह्मास्त्र काढायचं. माझी सगळ्यात लाडकी कादंबरी. दहावीच्या सुट्टीत वाचलेली, वाचून रडलेली, उशीखाली घेऊन झोपलेली. एका गावातली मुलगी शिकायला हॉस्टेलला जाते, निघताना तिची आई दारात तिच्याशी दोन पानं बोलते, आणि पुढे सगळं. माझ्या पेजचं नावसुद्धा त्यातल्याच एका ओळीवरून. मी ती ताईंना दिली आणि सांगितलं, ही बघा. हिला हिरवा नाही दिलात तर मी मोशीला चढणार नाही.

नऊ दिवस लागले त्यांना. नऊ दिवस मी मागून त्यांच्या मानेकडे बघत होते. हसल्या का, डोळे पुसले का, पान उलटायला उशीर केला का. मधेच त्या पेनानं काहीतरी करत होत्या असंही वाटलं. रेश्माचं डोकं मध्ये यायचं, नीट दिसायचं नाही.

दहाव्या दिवशी, सुटल्यावर, बस चाकण चौकात अडकलेली होती. ताईंनी पुस्तक मिटलं. अंगठा दाबला. या वेळी तीन नाही, चांगले दहा आकडे झाले असतील. चाचांनी आरशातून बघितलं.

"नाही लागला गं," ताई म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण बसमध्ये ऐकू गेलंच, झोपलेली रेश्मा तेवढी सोडून.

मी तिथेच भांडायला लागले. त्यांनी समजावलं की गाव छान आहे, हॉस्टेल छान आहे, पोरगी पण बरी आहे. "पण दारात आई बोलायला लागली की करंट तुटतो. कुठली आई असं बोलती? तुला तर म्हाईत असायला पाहिजे." मी म्हटलं तोच तर सगळ्यात भारी सीन आहे, मी त्याच्यावर रडलेय. मी असंही म्हटलं, आणि हे आठवलं की आजही कानशिलं तापतात, की तुम्ही फक्त वायरी बघितल्यात, तुम्हाला साहित्यातलं कळत नाही.

ताई चिडल्या नाहीत. पुस्तक माझ्या हातात दिलं. "खोट कुठं हाय तिथं बाण लावलाय. आत बघ एकदा."

तपासणीत तशी पद्धतच आहे. माल रिजेक्ट केला की नुसतं लाल लावायचं नाही, दोष कुठे आहे तिथे छोटा बाणाचा स्टिकर लावायचा, म्हणजे पुढच्याला शोधावं लागत नाही. मी स्वतः क्वालिटीत. मला हे पाठ आहे. आणि मी आत बघितलं नाही. मी फक्त कण्यावरचा तो लाल ठिपका बघत घरी गेले.

पुढे जे केलं ते लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते. ड्यूटीवर माझ्या खिशात स्टिकरचे रोल असायचेच. मी नखानं लाल ठिपका खरवडून काढला, त्या जागी हिरवा चिकटवला, आणि सकाळी चढताना पुस्तक गपचूप निळ्या क्रेटमध्ये सरकवलं. म्हटलं, बायकांना वाटेल ताईंनी निकाल बदलला, आता वाचू दे सगळ्यांना. वाचतील, रडतील, मग म्हणतील, ताई, याच्याइतकं चांगलं तुम्ही काही दिलंच नव्हतं. मग ताई काय बोलतील ते मला बघायचं होतं.

पुस्तक कुणी उचललं असेल? रेश्मानं.

का उचललं देव जाणे. तिला गावाकडून एक स्थळ आलं होतं, मुलगा शिक्षक होता, त्याला वाचणारी मुलगी हवी होती, असं काहीतरी बसमध्ये चाललेलं. ती चार दिवस माझं पुस्तक धरून बसली. झोपली नाही. ताईंना वाटलं असेल, मीच तिला वाचायला दिलं. मला एवढा आनंद झाला. दोन गोष्टींचा. एक म्हणजे माझं पुस्तक वाचतेय, दुसरं म्हणजे ताईंच्या खांद्यावर डोकं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी चढले तर रेश्मा पुस्तक क्रेटमध्ये परत ठेवत होती. कितव्या पानावर आलीस, मी विचारलं. चाळीस. मग परत का ठेवतेस?

ती अशी कसनुशी हसली. "माझंच डोकं नाही गं पुस्तकाचं. ताईंनी हिरवा दिलाय म्हणजे चांगलंच असणार. मला नुसती झोप येते. मी आईला सांगितलं, त्या मुलाला नाही म्हणून कळव, मला नाही जमणार त्याच्यासारख्यात."

मी तशीच दांडा धरून उभी. आणि ताईंनी हात पुढे करून ते पुस्तक घेतलं.

त्यांनी कणा बघितला. ठिपका अगदी काठाला लागून होता, जरा वाकडा, वर खूण नाही. त्यांच्या हातचा ठिपका लांबून ओळखू यायचा, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. त्यांनी मान वर केली. नजर माझ्यावर आली, थांबली नाही, पुढे चाचांच्या आरशापर्यंत गेली.

"रेश्मा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना जाईल असं, "हा हिरवा चुकून गेला. माझ्याकडून एस्केप झालं."

खराब माल तपासणीतून निसटून पुढे गेला की कंपनीत त्याला एस्केप म्हणतात. तपासणाऱ्यासाठी याच्यापेक्षा वाईट शब्द नाही. सोळा वर्षांत ताईंचं एकही नव्हतं, त्या अभिमानानं सांगायच्या. आणि भर बसमध्ये त्यांनी ते अंगावर घेतलं.

"खोट पुस्तकात हाय, पोरी. तुझ्या डोक्यात नाही. आईला आत्ता फोन लाव, म्हणावं थांब."

मग त्यांनी पर्स उघडली आणि ते पुस्तक काढलं. कव्हर नसलेलं. नर्सबाईंचं. मी दोनदा मागितलेलं. ते रेश्माच्या मांडीवर ठेवलं.

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाला काय वाटायला पाहिजे? लाज वाटायला पाहिजे. वाटली पण. मी बोलायला तोंडही उघडलं होतं, की ताई, तो ठिपका माझा. पण त्याच क्षणी रेश्मानं पहिलं पान उघडलं, तिसऱ्या ओळीला फिसकन हसली, आणि माझ्या पोटातून जी कळ गेली ती लाजेची नव्हती. ती जळण्याची होती. मी तोंड मिटलं आणि मागे जाऊन बसले.

रेश्मानं ते तीन दिवसांत संपवलं. अंगठा दाबला, ताईंसारखाच. "लागला," म्हणाली. सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या. चाचांनी हॉर्न दिला. त्या शिक्षकाशी जमलं की नाही म्हणाल, तर जमलं, ती आता गावाकडे असते आणि मला पुस्तकांचे फोटो पाठवते. ते नव्वद पानांचं पुस्तक ताईंनी तिला लग्नात दिलं. भांडी नाही, साडी नाही. ते.

रेश्मा गेली, आणि ताईंच्या शेजारची सीट रिकामी झाली. मला वाटलं आता माझा नंबर. मोशीला बस थांबायची, सीट रिकामी दिसायची, आणि मी, दोन वर्षं त्या सीटसाठी जळलेली मी, तिच्यासमोरून मान खाली घालून मागे जायचे. ताई सरकून जागा करायच्या. रोज. पर्स उचलून मांडीवर घ्यायच्या. मी मान डोलवायचे, मागे जायचे.

महिन्याभरात कळलं की शेवटच्या तपासणीचे बोर्ड कंपनीच्या दुसऱ्या युनिटला चाललेत, तळेगावच्या बाजूला. बोर्डांबरोबर ताई. बस वेगळी, रूट वेगळा. शेवटच्या दिवशी मी मोशीला उतरताना त्यांनी माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. "तुझा माल," म्हणाल्या. "डबा राहिला बघ सीटवर, घे." मी डबा घेतला. थँक्यू म्हणाले. निळा क्रेट त्यांनी बसमध्येच ठेवला.

ती गुंडाळी मी कपाटात टाकली. पुस्तकच आहे हे हाताला कळत होतं, कुठलं तेही कळत होतं.

गेल्या महिन्यात पेजसाठी माझ्या पाच लाडक्या पुस्तकांचा फोटो काढायचा होता. म्हणून ते काढलं. वर्तमानपत्र सोडलं, पलंगावर ठेवलं, चहाचा कप शेजारी मांडला, आणि पुस्तक आपोआप उघडलं. स्टिकर लावले की पानं जाड होतात, तिथेच उघडतं. पान एकोणचाळीस. आई दारात बोलते ते पान. तिच्या बोलण्याच्या सुरुवातीला ताईंचा बारीक लाल बाण. आणि समासात, पेन्सिलनं, माझं अक्षर. दहावीतलं, गोल गोल, ओळ सोडून वर गेलेलं:

माझी आई असं नाही बोलणार. ती म्हणेल, डबा घेतला का.

मी हे लिहिलं होतं. पंधरा वर्षांची असताना मला ते दिसलं होतं, आणि मग रडण्यात, पोस्टमध्ये, पाच स्टारमध्ये मी साफ विसरून गेले होते.

त्या ओळीच्या शेजारी एक हिरवा ठिपका होता. नीट बसवलेला, काठापासून बोटभर अंतर सोडून. त्यावर पेनाची बारीक खूण.

म्हणजे तो पहिल्यापासून आत होता. मी कव्हरवर चोरून हिरवा चिकटवत होते तेव्हाही.

बाहेरून आई विचारत होती, "चा गार झाला न्हवं? पिती का फोटूच काढती?" मी फोटो काढला नाही. कण्यावरचा माझा हिरवा खरवडला, लाल लावला, बोटभर अंतर सोडून, आणि वर खूण केली. माझी पहिली खूण. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन बसमध्ये चढले आणि तिसऱ्या ओळीत खिडकीला बसले.

आणि परवा काय झालं ते सांगते आणि थांबते. दुपारी सुटल्यावर चाकण चौकात नेहमीसारखी सगळी वाहनं अडकलेली. आमच्या बसला घासून आमच्याच कंपनीची दुसऱ्या युनिटची बस उभी. मी सहज बघितलं तर समोरच्या खिडकीत ताई. दोन काचा आणि हातभर अंतर. मांडीवर पुस्तक, पुस्तकावर अंगठा, आणि डोळे मिटलेले. नवीनच. आमच्या बसमध्ये कधी मिटत नव्हत्या.

आणि त्यांच्या शेजारी एक पोरगी. विशीची, दोन वेण्या, ओढणीत तोंड खुपसून निकालाची वाट बघत बसलेली. मी तिला आयुष्यात पाहिलेलं नाही आणि मला ती अजिबात आवडली नाही.

मी काच वाजवली. ताईंना ऐकू गेलं नाही. पोरीला गेलं. मी पिशवीतून पुस्तक काढलं, काचेला लावलं, लाल ठिपका त्यांच्याकडे केला आणि खुणेनं सांगितलं, त्यांना हलव, त्यांना हलव. चाचांनीही बघितलं, हॉर्न दिला.

त्या पोरीनं ठिपका बघितला. ताईंकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं, अगदी सगळं, मी तो चेहरा ओळखते, मी तो दोन वर्षं वापरलाय.

तिनं ताईंना हलवलं नाही. त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला, त्यांना आणखी खेटून बसली, आणि त्यांची बस पुढे सरकेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.